संत क्लाराला एक डझन अंडी

लेकीचं, एनारचं, लग्न शनिवारी होतं. शुक्रवारी सकाळी विसीने खिडकीतून आभाळाकडे बघितलं, तोंड वाकडं केलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"लिबोरिओ, ऊठ. क्लाराच्या मठात अंडी देऊन ये."

लिबोरिओ पेपर वाचत होता. वय अडुसष्ट, धंद्याने इलेक्ट्रिशियन, आता निवृत्त. जे तारेतून वाहतं आणि हात लावला की झटका देतं, तेवढ्यावरच त्याचा विश्वास. वाल्देसोतो गावात तीन चर्च आणि एक मठ. या चारींच्या दारावरून तो रोज जायचा, पण चर्चच्या आत पाऊल टाकायचा ते कुणी गेलं तरच, आणि तेही मागच्या बाकापर्यंत.

"अंडी दिली म्हणून पाऊस थांबतो होय? मग हवामान खातं बंद करा आणि कोंबड्या पाळा," तो म्हणाला.

"आपल्या लग्नाच्या वेळी तू हेच बोलला होतास. आणि बँडवाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बसून वाजवत होते."

लिबोरिओने पेपर मिटला. ते बँडवाले चाळीस वर्षं त्याच्या अंगावर सोडले जात होते. शिवाय नवरीकडच्यांनी संत क्लाराला डझनभर अंडी दिली की लग्नाला लख्ख ऊन पडतं, हे वाल्देसोतोतलं शेंबडं पोरही सांगेल. घरात बिल्बाओहून आलेले अकरा पाहुणे, त्यातली चार कार्टी, न्हाणीघरापुढे रांग. बाहेर जायला निमित्त मिळालं हेच खूप, असा विचार करून त्याने फ्रिज उघडला, अंड्यांचं खोकं काखोटीला मारलं आणि निघाला.

क्लाराच्या मठाच्या दारात माणूस दिसत नाही. ज्या सिस्टर एकदा आत गेल्या त्या बाहेर येत नाहीत, बाहेरचं कुणी आत जात नाही. भिंतीत पिंपासारखं गोल लाकडी कपाट बसवलेलं आहे. आपण वस्तू ठेवायची, घंटा वाजवायची, की कपाट गरकन फिरतं आणि वस्तू पलीकडे जाते. तिकडून ऐकू येतो तो फक्त आवाज.

"नमो मरिये, अतिपवित्रे," आवाज म्हणाला.

यावर 'निष्कलंक गर्भसंभवे' असं म्हणायचं असतं. लिबोरिओ म्हणाला, "नमस्कार. अंडी आणलीत."

मग पुन्हा, तितक्याच गोडीने, "नमो मरिये, अतिपवित्रे."

"एनारच्या लग्नाची अंडी आहेत, सिस्टर."

"नमो मरिये, अतिपवित्रे."

आवाजाला काही घाई नव्हती. त्याच्यामागे चारशे वर्षांचा मठ होता. लिबोरिओने रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना ते पाहिलं आणि खोकल्यासारखं करून काय ते पुटपुटला. कपाट कुरकुरत फिरलं. बेअरिंग गेलंय, एवढं त्याच्या लक्षात आलं.

"देव नवरा-नवरीचं भलं करो," आवाज म्हणाला, आणि काम झालं.

घरी परतला तर विसी दारातच. "आलास? एनारला झुमके घालून बघायचेत. कुठे ठेवलेस?"

झुमके लिबोरिओच्या आईचे. सोन्याचे, लाल खड्याचे, जन्मभर तिच्या कानात असलेले. एनारला आजीनेच वाढवलं होतं, कारण विसी दवाखान्यात पाळ्या करायची आणि लिबोरिओ लोकांच्या भिंती फोडत फिरायचा. पोरीने लग्नाचा पोशाख मैत्रिणीचा घेतला, फुलं मळ्यातली घेतली, हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा. आजीचे झुमके घालूनच उभी राहीन, म्हणाली. आजीने मरताना तसं सांगितलंही होतं. एका झुमक्याची कडी तुटली होती, ती लिबोरिओने स्वतः जोडली आणि मग बिल्बाओच्या कार्ट्यांच्या हाती लागू नयेत म्हणून झुमके अशा ठिकाणी लपवले, की चोराच्या बापालाही सुचू नये.

मालकालाही आठवू नये, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आत्ता आलं. फ्रिजमधलं वरच्या कप्प्यातलं खोकं, अकरा अंडी आणि बाराव्या खळग्यात कापसाचा बोळा, बोळ्यात झुमके. विसीने मठासाठी आणलेलं खोकं खालच्या कप्प्यात होतं.

"लिबोरिओ? तोंड असं का झालंय?"

"झुमके ना... पॉलिशला टाकलेत. आणतोच," तो म्हणाला आणि आल्यापावली उलटा फिरला.

या खेपेला त्याने 'निष्कलंक गर्भसंभवे' घंटा वाजवायच्या आधीच म्हणून टाकलं.

"दागिने?" पलीकडून सिस्टर एन्कार्ना म्हणाल्या. दारावरची पाळी त्यांची होती. "बाळा, आज चार लग्नांची अंडी आलीत. आम्ही नऊ जणी, त्यातल्या सहा जणींना डॉक्टरांनी अंडं बंद केलंय. मघाशीच सगळी ला वेगाच्या मठात पाठवली. तिथल्या सिस्टर मिठाई करतात."

"पण पाठवायच्या आधी आत कुणी खोकं उघडून बघितलं असेल. विचारा ना जरा."

"कशी विचारू? शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत आत मौन असतं. मला फक्त दारापुरतं बोलायची मुभा आहे."

"मग चिठ्ठी लिहा."

"चिठ्ठी म्हणजे हाताने बोलणंच की," सिस्टर एन्कार्ना समजुतीने म्हणाल्या. "नंबर ठेवून जा. मौन सुटलं की विचारते."

संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्यातला लिबोरिओ नव्हता. तोवर ला वेगात अंडी फुटतील आणि झुमके कुठल्यातरी मिठाईतून कुणाच्यातरी घरी, त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या एखाद्या लग्नात जातील. त्याने गाडी काढली.

ला वेगाचा मठ नदीपलीकडे. तिथेही भिंत, तिथेही फिरतं कपाट. घंटेला हात घातला आणि खिशातला फोन वाजला.

"कुठायस तू?" विसी. "पॉलिशवाला दुकान बंद करून जेवायला गेलाय. मी बघून आले."

"मी... मठात आहे. सिस्टरांचा दिवा गेलाय. म्हटलं, आलोच आहे तर दुरुस्त करून देतो."

"तू? मठात? फुकट?"

"पुण्य लागतं म्हणतात," असं म्हणून त्याने फोन कापला. कपाटामागे कुणीतरी जोरात श्वास घेतला.

"तुम्ही इलेक्ट्रिशियन आहात?" एक तरुण आवाज म्हणाला. "देवानेच धाडलं तुम्हाला. आमचं घुसळायचं यंत्र दुपारी बारापासून बंद आहे. सहाशे अंड्यांचा बलक उघडा पडलाय."

थाप मारून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि ती खरी करून दाखवायची वेळ आली. मोठा दरवाजा कुरकुरत उघडला. पुढे एक म्हातारी सिस्टर हातघंटी वाजवत, म्हणजे पुरुष येतोय हे कळून बाकीच्यांनी आडोशाला जावं, मागे लिबोरिओ. ज्या माणसाने जन्मभर मठाचा उंबरा ओलांडला नव्हता, त्याची घंटी वाजवत मिरवणूक निघाली. त्याच्या कामगार संघटनेतलं कुणी बघत नव्हतं, हे नशीबच.

यंत्राच्या बटणामागची तार सुटली होती. वीस मिनिटांचं काम. यंत्र घुरघुरलं तशा भिंतीआड सात-आठ बायका एकदम हसल्या. लिबोरिओने मग झुमक्यांचं सांगितलं. सगळ्यांनी मिळून बलकाची पातेली पळीने ढवळून पाहिली, टरफलांची बादली उलटी केली. सोनं नाही.

"कापसाचा बोळा कुणाच्या हाताला लागला नाही?" त्याने विचारलं.

"रिकामं खोकं आम्ही आत डोकावूनही बघत नाही हो. ढीग करून सान तिर्सोच्या मठवाल्यांना देतो. त्यांच्या कोंबड्या आहेत ना. त्यांची व्हॅन आत्ताच गेली." तरुण सिस्टरचा चेहरा पडला. "आम्ही संत अंतोनीला साकडं घालतो. हरवलेलं तोच शोधून देतो."

"माझा विश्वास नाही, सिस्टर."

"तुमचा कशाला हवा? आमचा आहे ना."

निघताना त्यांनी मिठाईचे तीन डबे त्याच्या हातात कोंबले. नको म्हणावं तर चौथा येईल अशी लक्षणं दिसली, म्हणून तो मुकाट्याने घेऊन निघाला.

सान तिर्सो तिथून तीस किलोमीटर. दारावर पाटी होती, 'प्रवेश फक्त चार वाजता, मार्गदर्शकासोबत.' दारात पर्यटकांची बस उभी. नऊ दिवसांत युरोपातले अकरा मठ बघायला निघालेली निवृत्त मंडळी होती ती. एक जोडपं भांडत होतं, की तो उंच घुमटाचा मठ फ्रान्समधला की पोर्तुगालमधला. "तुला फक्त जेवण आठवतं," बायको म्हणत होती. "जेवणावरूनच सांगतोय, तो पोर्तुगालच," नवरा म्हणत होता. लिबोरिओ त्यांच्यात मिसळून रांगेत उभा राहिला.

सान तिर्सोत पंधरा साधू. चौदा जण गरजेपुरतं बोलतात. पाहुण्यांची व्यवस्था बघणारे फादर गौदेन्सिओ यांना मात्र बोलावंच लागतं, आणि ते उरलेल्या चौदांच्या वाट्याचंही बोलतात. अंगणाच्या चारी बाजूंना खांब होते आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर कोरीवकाम. फादर एकही खांब सोडायला तयार नव्हते.

"हा सातवा खांब. यावर नोहाची नौका. मोजा बरं प्राणी किती आहेत."

"फादर," लिबोरिओ म्हणाला, "अंड्यांची खोकी कुठे ठेवता?"

"शेवटी प्रश्न घेईन. हा आठवा खांब..."

सव्वीस खांब होते. बाविसाव्यापर्यंत लिबोरिओने तीनदा खोक्यांचा विषय काढला. एका बाईने नवऱ्याला हळूच विचारलं की हे गृहस्थ त्या विषयातले तज्ज्ञ आहेत का. शेवटी फादर थांबले, चष्मा वर केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चाळीस वर्षं लोकांना हे खांब दाखवतोय. कोंबड्यांबद्दल आस्थेने विचारणारे तुम्ही पहिलेच. चला माझ्याबरोबर."

खुराड्यामागच्या खोलीत एकशे ऐंशी खोकी रचलेली होती. लिबोरिओने एकेक उघडलं. फादर शेजारी उभे राहून प्रत्येक कोंबडीचा स्वभाव सांगत होते. शेवटचं खोकं उघडून झालं आणि लिबोरिओ दाण्याच्या पोत्यावर मटकन बसला.

"माझ्या आईचे होते, फादर," तो म्हणाला. "घरात विकायला दुसरं काहीच नव्हतं तेव्हाही तिने ते विकले नाहीत. उद्या माझी पोर कानात काय घालणार? आणि मी तिला सांगू काय, की तुझ्या आजीचं सोनं मी अंड्यांबरोबर देऊन आलो?"

फादर गौदेन्सिओंनी कोंबड्यांचं बोलणं अर्धवट टाकलं. त्यांनी दुसरं पोतं ओढलं आणि शेजारी बसून राहिले. लिबोरिओला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

तेवढ्यात फोन वाजला.

"सिस्टर एन्कार्ना बोलतेय. मौन सुटलं. झुमके सापडले, बाळा." मग थोडं थांबून, "पण एक अडचण झालीय. तू ये."

तो पोचला तेव्हा कपाटामागे एक नव्हे, बऱ्याच जणी असाव्यात. कपड्यांची सळसळ ऐकू येत होती. मठाच्या मुख्य, मदर पाउला, स्वतः बोलायला आल्या होत्या.

"असं झालं," मदर म्हणाल्या. "सकाळी सिस्टर रेमेदिओसने खोकं उघडलं. सोनं बघून तिला वाटलं, नवरीने मरियामातेला वाहिलं. मौन होतं, विचारणार कुणाला? तिने सरळ जाऊन मूर्तीला घातले. मूर्तीचे कान टोचलेले नाहीत, म्हणून दोऱ्याने बांधले. संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला गेलो तर माता झुमके घालून उभी. आम्ही तुमच्या मुलीच्या नावाने तीनदा देवाचे आभार मानले."

लिबोरिओ घामाघूम झाला. गिऱ्हाइकाला दिलेली वस्तू परत मागणं वेगळं आणि हे वेगळं. समोर नुसतं लाकूड, त्यामागे नऊ बायका आणि त्यांच्यामागे ती मरियामाता.

"मदर, ते... ते वाहिलेले नव्हते. मी ते लपवले होते. फ्रिजमध्ये."

"फ्रिजमध्ये," मदर म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसू दाबलं, ते दुसरीच्या नाकातून बाहेर पडलं. मदरनी घसा साफ केला. "घेऊन जा की. पण एकदा मातेला घातलेलं काढायचं म्हणजे माझाही हात धजत नाही. धर्मगुरूंना विचारून सोमवारी..."

"सोमवारी काय करायचेत? लग्न उद्या आहे," एक चिरका, म्हातारा आवाज मधेच म्हणाला. "बाजूला व्हा ग जरा. काय रे, डाव्या झुमक्याचा खडा तडकलेला आहे ना?"

"हो," लिबोरिओ म्हणाला. "तुम्हाला कसं माहीत?"

"सिस्टर क्लेमेन्सिया एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत," मदर पाउलांनी सांगितलं, जणू त्याने सगळा उलगडा होतो.

"हे झुमके या कपाटातून दुसऱ्यांदा आलेत," म्हातारा आवाज म्हणाला. "पहिल्यांदा आले तेव्हा दारावर मीच होते. कपडे धुणारी एक बाई होती, कान्दिदा नावाची. तिचं वर्षाचं पोर तापाने फणफणलेलं. गावातला डॉक्टर हात वर करून गेला. आमच्या एका सिस्टरचा भाऊ माद्रिदला औषधाच्या दुकानात होता, त्याच्याकडून आम्ही इंजेक्शनं मागवली. बारा दिवस इथूनच पाठवली. बरोबर कोंबडीचं सूप. तेराव्या दिवशी ती आली आणि रुमालात बांधून हे ठेवले."

लिबोरिओने कपाटाला हात टेकला. कान्दिदा त्याची आई. त्याला भाऊ नव्हता, बहीण नव्हती.

"तेव्हाच्या मदरनी परत फिरवले. बाईने पुन्हा ठेवले. मदरनी पुन्हा फिरवले. चारदा झालं. कपाटाचं तेव्हापासून बिनसलंय. शेवटी मदर चिडल्या. म्हणाल्या, बये, सोनं घरी ने आणि पोर चालायला लागलं की आणून दाखव, आमचं भागलं. तेव्हा कुठे ती गेली."

मग आत पावलं गेली, पावलं आली. कपाट कुरकुरत फिरलं. पांढऱ्या रुमालावर झुमके होते, दोऱ्याचा तुकडा अजून लोंबत होता.

"मातेची हरकत दिसली नाही," मदर पाउला म्हणाल्या.

लिबोरिओने झुमके उचलले. त्या लाकडाकडे तोंड करून तो म्हणाला, "तुमचे उपकार झाले. आजचे आणि तेव्हाचेही. मला माहीतच नव्हतं हो." मिठाईचे तीनही डबे त्याने कपाटात ठेवले आणि स्वतःच्या हाताने फिरवले.

घरी जाताना त्याने पॉलिशवाल्याची गोष्ट पक्की केली होती. स्वयंपाकघरात विसी कमरेवर हात ठेवून उभी होती. ती काही विचारायच्या आत त्याने खुर्ची ओढली आणि फ्रिजपासून सुरुवात करून सगळं सांगून टाकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच विसीने मधे एकही शब्द टाकला नाही. ऐकून झाल्यावर तिने डोळे पुसले, पदरचं एकच वाक्य बोलली, "तुझी आई कधी बोलली नाही रे," आणि त्याला सूप वाढलं.

शनिवारी ऊन पडलं. फोटोच्या वेळी मात्र दहा मिनिटं भुरभुर आली. "अकराच अंडी दिलीस, म्हणून," विसी म्हणाली.

चर्चमधून जेवणाच्या हॉलकडे जायच्या ऐवजी एनारने वरात मठाकडे वळवली. भेटीच्या खोलीत मधोमध लोखंडी जाळी असते. पाहुणे अलीकडे, सिस्टर पलीकडे. नऊ जणी ओळीने बसल्या होत्या, मधे चाकाच्या खुर्चीत एक इवलीशी म्हातारी. एनार जाळीजवळ गेली, गुडघ्यावर बसली आणि कान पुढे केला. सिस्टर क्लेमेन्सियांनी जाळीतून बोटं घालून झुमका चाचपला, तडकलेला खडा बरोबर शोधून काढला आणि मान हलवली.

"शोभतात. पोरगी गुणी आहे," त्या म्हणाल्या. मग मान उंच करून गर्दीत शोधू लागल्या. "पण ठरलं होतं ते पोर दाखवायचं. ते कुठंय?"

सगळ्यात मागे, दाराला चिकटून, भाड्याच्या सुटात लिबोरिओ उभा होता. डोक्यावर केस नाही, पोट सुटलेलं, हातात टोपी चुरगाळलेली. विसीने त्याला पाठीत ढकललं. वऱ्हाडी बाजूला सरले. तो जाळीपाशी येऊन उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसाच.

सिस्टर क्लेमेन्सियांनी त्याला वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. मग शेजारच्या सिस्टरकडे वळून समाधानाने म्हणाल्या, "बरं झालं म्हणायचं पोर."

"हो, सिस्टर," लिबोरिओ म्हणाला. "बरा झालो."